दुपारी ठणठणीत, पहाटे गायब : रेडिओ लिंकचं फेडिंग ओळखायचं कसं आणि आवरायचं कसं

कळमेश्वरकडच्या एका संत्रा बागायतदार काकांचा फोन नोव्हेंबरात पहाटे साडेपाचला आला. "भाऊ, पुन्हा गेलं नेट. पण तुम्ही आत्ता येऊ नका. तुम्ही येईस्तोवर आपोआप चालू होऊन जाते."

काकांनी नकळत अर्धं निदान करून टाकलं होतं. ठरावीक वेळी जाणारी आणि ऊन वर आलं की कुणी हात न लावता परतणारी लिंक बहुधा बिघडलेली नसते. तिच्या वाटेतली हवा बदललेली असते. सिग्नलच्या अशा येण्या-जाण्यालाच फेडिंग म्हणतात. ही गोष्ट शिकायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवातीच्या काळात अशाच एका पहाटे मी पोलवर चढून डिश हलवली. पडलेल्या सिग्नलवर 'सर्वात चांगली' जागा शोधली, नट आवळले आणि घरी आलो. दुपारी पाहतो तर लिंक आधीपेक्षा ११ डीबीने खाली. (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नलची ताकद मोजायचं माप; १० डीबी खाली म्हणजे ताकद एक-दशांश.) पहाटेच्या वाकलेल्या वाटेला मी डिश जुळवून ठेवली होती. म्हणून पहिला नियम : सिग्नल पडलेला असताना डिशला हात लावायचा नाही. आधी नोंद, मग निदान, आणि दुरुस्ती सगळ्यांत शेवटी.

पुढचं सगळं ५.८ गिगाहर्ट्झच्या, समोरासमोर दिसणाऱ्या दोन डिशच्या लिंकसाठी आहे. नागपूरच्या आसपास गोदामं, जिनिंग, शेतघरं, शाळा जोडायला हाच पट्टा सर्रास वापरतात.

हवेत नेमकं काय होतं

मे महिन्यात वर्धा रोडवर दुपारी पुढे पाणी चमकताना दिसतं, ते आपण मृगजळ म्हणून सोडून देतो. हवेचे वेगवेगळ्या तापमानाचे थर किरण वाकवतात, याचा तो डोळ्यांदेखतचा पुरावा आहे. रेडिओ लहरीही तशाच वाकतात, फक्त त्यांच्या बाबतीत तापमानाइतकीच, किंबहुना जास्त, हवेतली वाफ कामाला लागते.

हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००३ असतो. शेवटच्या आकड्यांमधला फरक मोजायला सोयीचा व्हावा म्हणून १ वजा करून उरलेल्याला दहा लाखांनी गुणतात. त्याला एन-युनिट म्हणतात. नीट ढवळलेल्या हवेत दर किलोमीटर उंचीला हा आकडा साधारण ४० ने उतरतो. त्यामुळे लहर किंचित जमिनीकडे झुकते आणि पृथ्वी जणू चार-तृतीयांश पट मोठी, म्हणजे कमी गोल, असल्यासारखी वागते. सॉफ्टवेअरमध्ये 'के = ४/३' असं जे लिहिलेलं असतं ते हेच. उतार १५७ च्या पलीकडे गेला की लहर पृथ्वीच्या गोलाईपेक्षाही जास्त वाकते आणि थरात अडकून पडू शकते.

आता नागपूरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा. पाऊस संपलेला, जमीन अजून ओली, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवताना सतरंजी दवाने ओली होते, ती अगदी हीच हवा. रात्रभर जमीन उष्णता सोडून थंड होते आणि तिला चिकटलेली हवा गार व दमट राहते. तिच्यावर तुलनेने उबदार, कोरडी हवा झाकणासारखी बसते. तापमान उंचीबरोबर उतरायचं सोडून चढू लागतं. त्या झाकणापाशी वाफ एकदम कमी होते आणि अपवर्तनांक झपाट्याने उतरतो.

काकांच्या शेतावर हे झाकण मी स्वतः पाहिलं आहे. पहाटे सहाच्या सुमाराला बाजूच्या वस्तीतल्या चुलींचा धूर सरळ वर गेला, कडुनिंबाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर थांबला आणि तिथून चादरीसारखा आडवा पसरला. वर जाईचना. हातातल्या लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा −६९ डीबीएमवरून (एक मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी; शून्यापासून जितका खाली तितका सिग्नल कमजोर) −७७ वर आलेला, आणि त्याच्याही खाली मध्येच −९० पर्यंत बुडी मारून परत. साडेसातला पहिली झुळूक आली, चादर फाटली, आणि पुढच्या वीस मिनिटांत आकडा −७० वर येऊन बसला. ऊन जमीन तापवतं, हवा ढवळली जाते, थर मोडतात. तुमच्याकडे कुठलंच उपकरण नसेल तर पहाटेचा धूर पाहा.

उपकरणाची नोंद हवी असेल तर तीही नागपुरात मिळते. हवामान खातं सोनेगावहून हवेत फुगा सोडतं. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या प्रमाण वेळांची निरीक्षणं ४२८६७ या केंद्र क्रमांकाखाली कुणालाही पाहता येतात. पहिल्या काहीशे मीटरांत तापमान चढतंय का आणि दवबिंदू झपकन उतरतोय का, एवढंच बघायचं. दोन्ही असेल आणि तुमची लिंकही त्याच पहाटे पडली असेल, तर संशयाला फारशी जागा उरत नाही.

ग्राफ वाचायला शिका

दोन्ही टोकांचा सिग्नल दर मिनिटाला नोंदवा. पाच मिनिटांची सरासरी ठेवू नका. वीस सेकंदांची खोल बुडी त्या सरासरीत विरघळून जाते आणि तुम्ही ग्राहकाला "आमच्याकडे तर सगळं ठीक दिसतंय" असं सांगत बसता. सॉफ्टवेअर देत असेल तर प्रत्येक मिनिटाचा किमान आकडा वेगळा साठवा. शक्य असेल तर महिनाभर नोंद चालू द्या, निदान दहा पहाटा तरी हव्यातच.

मग आकार बघा. संपूर्ण रेषा तास-दोन तास सावकाश ५ ते १० डीबी खाली बसलेली दिसली, तर लहर वाकून डिशच्या मुख्य झोतापासून सरकते आहे किंवा पसरते आहे. रेषेवर करवतीसारखे दात दिसले, काही सेकंदांचे आणि २०-२० डीबी खोल, तर ते बहुमार्गी फेडिंग : एकच लहर दोन-तीन वाटांनी पोचते आणि क्षणोक्षणी स्वतःलाच खोडते. काकांच्या लिंकवर दोन्ही एकत्र होतं, आणि तसंच बहुतेक ठिकाणी असतं.

एका पायरीत खाली उतरून तिथेच थांबलेली रेषा मात्र हवेचं काम नाही. वाऱ्याने डिश फिरली, कुणी पोलला धक्का दिला, किंवा कनेक्टर गेला. आणि सगळ्यांत उपयोगी तपासणी ही : या रेडिओंमध्ये दोन्ही दिशांना एकच फ्रिक्वेन्सी असते, त्यामुळे हवेमुळे पडलेला सिग्नल दोन्ही टोकांना जवळपास सारखाच पडतो. एकाच टोकाला पडला असेल तर दुसऱ्या टोकाची पाठवण्याची शक्ती किंवा या टोकाचा रिसीव्हर तपासा. सिग्नल जागच्या जागी पण वेग मेला, गोंगाट वाढला, तर शेजारच्या कुणाचा तरी रेडिओ आपल्या चॅनलवर आला आहे. त्यावर डिश मोठी करत बसण्याआधी चॅनल बदला.

कागदावरचा हिशोब, जो टाळू नये

लिंक लावणारे बरेच जण हा हिशोब करतच नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण तो दहा मिनिटांचा आहे.

मोकळ्या हवेतली घट डीबीमध्ये अशी : ९२.४५, अधिक किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची २० पट, अधिक गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीच्या लॉगची २० पट. २० किलोमीटर आणि ५.८ साठी ९२.४५ + २६.०२ + १५.२७, म्हणजे १३३.७ डीबी. डिशसकट पाठवण्याची एकूण शक्ती, ज्याला ईआयआरपी म्हणतात, ती ३६ डीबीएम धरू. घेणारी डिश साठ सेंटीमीटरची, ३० डीबीआयची, म्हणजे सिग्नलला ३० डीबीची वाढ देणारी. ३६ − १३३.७ + ३० म्हणजे −६७.७; कनेक्टर वगैरेसाठी एखादा डीबी सोडला की −६९. दुपारी लिंक लावल्यावर मीटरवर याच्या दोन-तीन डीबीच्या आत आकडा यायलाच हवा. −८५ येत असेल आणि दोन्ही गच्च्या एकमेकींना स्पष्ट दिसत असतील, तर डिश बाजूच्या झोतावर अडकली आहे. डावी-उजवीकडे आणि वर-खाली नीट फिरवून मुख्य झोत शोधा. साठ सेंटीमीटरच्या डिशचा झोत जेमतेम सहा अंशांचा असतो, तो सहज निसटतो.

आता मार्जिन, म्हणजे सिग्नल किती पडला तरी चालेल ती शिल्लक. समजा तुमच्या रेडिओच्या माहितीपत्रकात सगळ्यांत वेगवान मॉड्युलेशनला (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीला) −७२ लागतो आणि सगळ्यांत हळूला −९०. म्हणजे पूर्ण वेगासाठी तुमच्याकडे फक्त ३ डीबी आहेत, आणि लिंक जिवंत ठेवायला २१. "मार्जिन किती?" हा प्रश्न अपुरा आहे, कुठल्या वेगासाठी किती, असं विचारा. दुकानदाराला कॅमेऱ्याचं चित्र पहाटे अडखळलेलं चालेल, पण लिंक तुटलेली चालणार नाही. प्रत्येकाची गरज वेगळी, तसं मार्जिनही वेगळं.

आणि किती पुरे? बहुमार्गी फेडिंग पूर्ण जोरात असताना सिग्नल नेहमीपेक्षा २० डीबी खाली असण्याचा वेळ साधारण १ टक्का, ३० डीबी खाली ०.१ टक्का, ४० डीबी खाली ०.०१ टक्का. दर १० डीबीला त्रास दहापट कमी. दुसरीकडे, असं खोल फेडिंग अंतराच्या जवळजवळ घनाच्या प्रमाणात वाढतं. अंतर दुप्पट केलं तर त्रास आठपट. माझ्या मते लिंक आखणाऱ्याने पाठ करावं असं काही असेल तर ते हेच दोन नियम. हिशोब आणखी काटेकोर हवा असेल तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची पी.५३० ही शिफारस आहे. समोरासमोरच्या जमिनीवरील लिंक आखण्याची पद्धत तिच्यात पायरीपायरीने दिलेली आहे.

उंची : कमीही नको, उगाच जास्तही नको

समोरची गच्ची दिसते म्हणजे वाट मोकळी, असं नसतं. लहर दोरीसारखी जात नाही, मध्ये फुगलेल्या काकडीसारखी जाते. त्या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. २० किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर ५.८ साठी त्याची त्रिज्या १६ मीटर भरते, आणि निदान ६० टक्के, म्हणजे साडेनऊ-दहा मीटर, मोकळी हवी. शिवाय पृथ्वीचा फुगवटा आहेच : दोन्ही टोकांपासूनची किलोमीटरमधली अंतरं गुणून १७ ने भागा (हा १७ के = ४/३ साठीचा), मध्यावर १०० भागिले १७, म्हणजे ५.९ मीटर.

जमीन सपाट धरून मांडू. शहरात ३० मीटरची इमारत, शेतावर १८ मीटरचा पोल. मध्यावर रेषा २४ मीटर उंच. त्यातून ५.९ पृथ्वीचे आणि ८ मीटर झाडांचे वजा केले की उरतात १०.१. बसलं, पण अगदी काठावर. आता हवा उलटी वागली आणि के २/३ झाला, तर पृथ्वीचा फुगवटा दुप्पट, ११.८ मीटर होतो आणि मोकळी जागा ४.२ मीटरवर येते. लिंक तुटणार नाही, पण काही डीबी त्या पहाटे जातील. कुठल्याही लिंकचा हिशोब या दोन्ही के साठी करा.

विदर्भातली एक गोष्ट पुस्तकात सापडत नाही. साग उन्हाळ्याआधी पानं गाळतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरतो. एप्रिलमध्ये पाहणी केली, काड्यांमधून पलीकडचा टॉवर लख्ख दिसला, लिंक लावली, आणि जुलैत ती मेली. त्याच फांद्यांवर आता थाळीएवढी ओली पानं आहेत. सागाच्या वाटेची पाहणी पावसाळ्यात करावी. नाहीतर झाडाची पूर्ण उंची अधिक पुढच्या पाच वर्षांची वाढ धरावी.

मग पोल जितका उंच तितका चांगला का? नाही, आणि इथे अनेक जण फसतात. वाटेत तलाव, भरलेलं धरण किंवा पाणी दिलेली सपाट शेतं असतील तर तिथून परावर्तित झालेली लहर दुसऱ्या वाटेने येऊन पोचते. १२ किलोमीटरची लिंक घ्या, एका टोकाला ३० मीटर, दुसऱ्याला २० मीटर उंची, मध्ये पाणी. दोन वाटांमधला फरक म्हणजे दोन्ही उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर : १२०० भागिले १२,०००, म्हणजे १० सेंटीमीटर. ५.८ ची तरंगलांबी ५.१७ सेंटीमीटर. फरक जवळपास दोन पूर्ण तरंगलांब्यांचा. पाण्यावर आपटताना लहर उलटी होते, त्यामुळे पूर्ण तरंगलांबीचा फरक म्हणजे खोडाखोड. तीच डिश २० वरून १५ मीटरवर उतरवली तर फरक साडेसात सेंटीमीटर, सुमारे दीड तरंगलांबी, आणि आता दोन्ही लहरी एकमेकींना साथ देतात. पाच मीटर खाली येऊन सिग्नल वाढला!

पृथ्वीची गोलाई धरली की हे आकडे सरकतात, आणि के बदलला की पुन्हा सरकतात. दुपारी साथ देणारी जोडी पहाटे खोडू लागते ती यामुळेच. म्हणून कागदावर थांबू नका. दुपारी डिश पोलवर एक-एक मीटर खाली-वर सरकवून प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं नोंद घ्या. आकडा लाटेसारखा वर-खाली होत असेल तर परावर्तन पक्कं. मग उत्तम उपाय म्हणजे एक टोक इतकं खाली आणायचं की पाण्याकडून येणारी वाट एखाद्या इमारतीने किंवा झाडांच्या रांगेने अडेल, पण सरळ वाट मोकळी राहील. परावर्तनाची जागा नेहमी कमी उंचीच्या टोकाकडे सरकते. त्या टोकाची उंची बदलून ती पाण्यावरून काठावरच्या झाडीतही ढकलता येते.

दुरुस्तीचा क्रम

मी ज्या क्रमाने पैसे खर्च करतो तोच सांगतो. आधी फुकटातली कामं : बाहेरचे कनेक्टर उघडून बघणं, हिरवट झालेले बदलणं, त्यांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळणं, पोलचे ताण नीट करणं. मग दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, हवा ढवळलेली असताना, डिश पुन्हा जुळवणं. पहाटे टॉवरवर चढू नका; दवाने शिडी निसरडी असते, आणि त्या वेळी घेतलेला आकडा तसाही फसवा.

त्यानंतर चॅनलची रुंदी. ४० मेगाहर्ट्झवरून २० केली की रिसीव्हरला ३ डीबी मिळतात. वेगाची कमाल अर्धी होते, पण काकांच्या वजनकाट्याला आणि चार कॅमेऱ्यांना ती पुरून उरत होती.

मग मोठी डिश. ईआयआरपीला मर्यादा असते. परवानामुक्त पट्ट्यातही ती पाळायची असते, त्यामुळे डिश मोठी केली की पाठवण्याची शक्ती तेवढीच कमी करावी लागते. "मग फायदा काय?" असं लोक विचारतात. फायदा घेण्याच्या बाजूला आहे. साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची डिश साडेतीन डीबी जास्त गोळा करते, आणि दोन्ही टोकांना लावली तर दोन्ही दिशांना तेवढा लाभ. झोत अरुंद झाल्याने आजूबाजूचा गोंगाट आणि पाण्यावरची लहरही काही प्रमाणात कमी शिरते. मात्र पोल भक्कम हवा. झोत चार अंशांवर आला की वाऱ्याने हलणारा पोल नवी डोकेदुखी होतो.

एकावर एक, उभ्या अंतराने दोन डिश लावून जो सिग्नल चांगला तो घ्यायचा, ही मोठ्या टॉवरवरची जुनी, खात्रीची पद्धत आहे. त्यासाठी साधारण दोनशे तरंगलांब्यांचं, म्हणजे ५.८ ला दहा मीटरचं, अंतर लागतं. शेतावरच्या पोलवर ते जमत नाही.

तिथे मधला थांबाच खरा उपाय. २० किलोमीटरचे १० आणि १० केले की प्रत्येक तुकड्याचा त्रास एक-अष्टमांश, दोन्ही मिळून एक-चतुर्थांश. शिवाय प्रत्येक तुकड्याला घट ६ डीबीने कमी, तो वेगळा लाभ. खर्च आहे, विजेची आणि बॅटरीची सोय आहे, ग्रामपंचायतीची परवानगी आहे. तरीही १५ किलोमीटरच्या पुढची, सपाट ओल्या जमिनीवरची लिंक मी आता मधल्या थांब्याशिवाय सुचवत नाही.

पावसाला उगाच दोष देऊ नका

५.८ वर पावसाने सिग्नल जवळपास पडत नाही. १० गिगाहर्ट्झच्या वर चित्र बदलतं. १८ वर तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत दर किलोमीटरला ४ ते ५ डीबी जातात, आणि थेंब पडताना चपटे होत असल्याने आडव्या ध्रुवणाला, म्हणजे आडव्या कंपनाच्या लहरीला, जास्त फटका बसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीला पूर आला, त्या पावसात माझ्या ५.८ च्या लिंक वीज असेपर्यंत चालू होत्या. तुमची लिंक पावसात पडत असेल तर ती परत कधी येते ते बघा. सर थांबताच आली तर ओली झाडं किंवा डिशच्या तोंडावर साचणारं पाणी. दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर आली तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे.

काकांच्या लिंकवर आधी नव्वदच्या डिश आणि अरुंद चॅनल केले. साडेसहा डीबी मिळाले, बहुतेक पहाटा निभावल्या, पण डिसेंबरातल्या कडक थंडीत तीन वेळा लिंक तुटलीच. मग मधल्या गावच्या पाण्याच्या टाकीवर थांबा टाकला. पुढच्या वर्षी कोजागिरीच्या रात्री मी नोंद मुद्दाम सेकंदाला एक अशी लावून ठेवली होती. दुपारचा आकडा −५९. पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी, चुलींचा धूर आडवा पसरण्याच्या वेळेला, सगळ्यांत खालचा आकडा −७१.